चाकोरीबाहेर, सातच्या आत

गाडी घेऊन अकरा महिने झाले होते आणि तोवर तिने पाहिलेला सर्वांत दुर्गम प्रदेश म्हणजे शनिवार संध्याकाळचा लक्ष्मी रस्ता. गाडी फोर बाय फोर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की पुणेकर आधी ॲव्हरेज विचारतो, आणि आकडा ऐकून ज्या नजरेने माझ्याकडे बघतो त्या नजरेने सासऱ्यांनीही मला कधी बघितलं नव्हतं. गिअरच्या शेजारी तिला आणखी एक बुटका दांडा आहे. त्यावर टू एच, फोर एच, एन, फोर एल अशी अक्षरं आहेत. अकरा महिन्यांत तो टू एचवरून हललेला नव्हता. थोरली त्याला केसांची रबरं अडकवून ठेवायची.

“एक दिवस जाऊन येऊ,” मी म्हणालो. “मुलांना घेऊन. सोपंसं काहीतरी.”

सोपं म्हणजे काय, यावर घरात आठवडाभर एकमत होईना. ऑफिसातल्या दोन जाणकारांच्या मते, ज्याला विंच लागत नाही ते सोपं. (दोघांनाही मुलं नाहीत. दोघांच्याही गाडीच्या टपावर फावडं आहे.) आईच्या मते, वाटेत देऊळ असेल ते सोपं. बायकोच्या मते, वाटेत स्वच्छतागृह असेल ते. सात वर्षांच्या थोरलीने “रेंज असते का तिथे?” असं विचारलं, आणि साडेचार वर्षांचा धाकटा नुसताच “मी पुढे बसणार” म्हणत राहिला.

“पण ऑफरोड म्हणजे नक्की काय रे?” आईने विचारलं.

“रस्ता नसतो तिथून जायचं.”

“म्हणजे माझं माहेर.” आईने विषय संपवला. तिच्या लहानपणी तालुक्याहून गावी जायला वडाप असायचं. जीप, आत सतरा माणसं, ड्रायव्हरच्या डावीकडे चार आणि उजवीकडे एक. ड्रायव्हरच्या उजवीकडे माणूस कुठे बसतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण आई शपथेवर सांगते. कोंबड्या वेगळ्या. बेल्ट नाही, दार नाही, ओढ्यातून जाताना पाय वर घ्यायचे. आणि फोर एल? “आम्हाला कुठे इंग्रजी येत होतं!”

खरं तर ‘ऑफरोड’ हा शब्दच मला जरा दरिद्री वाटतो. डांबर संपलं की त्याची मजल संपते. आपल्याकडे पायाने पडते ती पाऊलवाट, बैलगाडीने पडते ती गाडीवाट, शेतांच्या मधून जाते ती पाणंद, दोन गावांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता, डोंगर उतरते ती घाटवाट, आणि ती पाण्याच्या घळीतूनच उतरत असेल तर नाळ. चाकांनी जमिनीत पडलेल्या दोन समांतर चरांना चाकोरी म्हणतात. आपण कुणाचं ‘चाकोरीबाहेरचा विचार’ म्हणून कौतुक करतो ते मूळचं बैलगाडीच्या चाकांपाशी जाऊन पोचतं. आपल्या गावची पाणंद पक्की व्हावी म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं तहसील कचेरीत खेटे घालतात. सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी ‘मातोश्री’ नावाची योजना काढली. आणि आम्ही पुण्यातून हप्त्यावरची गाडी घेऊन निघतो, ते ती योजना अजून पोचलेली नाही अशी पाणंद हुडकायला.

सह्याद्री पहिल्याच बैठकीत बाद झाला. एका बाजूला दरी असली की बायको शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबते. तिच्या पायाखालची मॅट झिजली आहे. धरणाचा काठ बाद झाला, कारण पाणी दिसलं की धाकटा कपडे काढतो. मग मी स्वतःच एक नियम केला, आणि तो मला अजूनही पटतो: जिथे गाडी एका दमात वळवता येत नाही, तिथे लहान मूल न्यायचं नाही. ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य मूल नेमकं अशाच ठिकाणी म्हणतं. उपनियम असा की मातीवरचा एक तास मुलांना भरपूर होतो. दुसऱ्या तासाला निसर्ग तोच असतो, मुलं तीच राहत नाहीत.

या नियमात बसणारी जागा म्हणजे माळरान. दरी नाही, पाणी नाही, खाली कडक मुरूम, वळवायला चारी दिशा मोकळ्या. पुण्याहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. सगळं मिळून ५.१४ चौरस किलोमीटर, पण चिंकारा दिसतात. वाटेत मोरगाव, अष्टविनायकातला पहिला गणपती, म्हणजे आई खूश. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले, जमीन वाळलेली. (पावसात काळ्या रानात जाऊ नये, एवढं जाणकारांचं ऐकलं. ती माती टायरच्या खाचांत अशी भरते की चाकाचा लाडू होतो. मग तो वळत नाही, नुसता मोठा होतो.)

एक्सेलमध्ये तक्ता केला. ५.३० निघणे, ७.०० मोरगाव, ८.१५ अभयारण्य, आणि शेवटच्या ओळीत, आईच्या आग्रहावरून, ‘सातच्या आत घरात’.

आदल्या रात्री सामान भरलं. मी घेतलं होतं: ओढदोर, दोन शॅकल, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, प्रेशर मोजायचं घड्याळ, हातमोजे. बायकोने घेतलं होतं: पाण्याचे दोन कॅन, पोळीचे रोल, तिखटमिठाच्या पुऱ्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू, कपड्यांचे प्रत्येकी दोन जोड (धाकट्याचे चार), चादर, छत्री, ओले रुमाल, कोरडे रुमाल, उलटीच्या पिशव्या, लिंबू, ॲव्होमिन, क्रेप बँडेज, एक प्लास्टिकचा डायनासोर आणि त्याच डायनासोरसारखाच दुसरा डायनासोर. आईने घेतला होता नारळ. डिकीचं दार लागेना तेव्हा शॅकल बाहेर निघाले. नारळ राहिला.

५.३० ला निघालो नाही हे वेगळं सांगायला नको. ७.५० ला निघालो, आणि ८.०५ ला परत आलो, कारण चुकून पहिला डायनासोर घरी राहिला होता. दुसरा हुबेहूब तसाच आहे हे धाकट्याला पटवून देताना बायकोच्या आवाजात जी शांतता होती, ती मला फार जपून हाताळावी लागते.

“आलं का?” हा प्रश्न हडपसरला सुरू झाला. दिवे घाटात थांबला, कारण धाकट्याला उलटी झाली. पिशवी होती. ती कुठल्या पिशवीत होती हे शोधेपर्यंत काम झालेलं होतं. ज्या घाटातून माउलींची पालखी बैलजोड्यांनिशी वर चढते, तिथे कडेला गाडी लावून मी चार जोडांपैकी पहिला जोड बाहेर काढला आणि टायर पुसायला आणलेल्या फडक्याने सीट पुसली. एवढा प्रदेश मात्र निर्विवाद ऑफरोड होता. सासवडला शेवटशेवटची सीताफळं मिळाली. चालत्या गाडीत सीताफळ खायला देऊ नये. बिया आजही सापडतात.

मोरगावला आई दर्शनाला गेली आणि मुलं नंदीपाशी थांबली. गणपतीच्या देवळासमोर एवढा थोरला नंदी बघून थोरलीने विचारलं, “बाबा, हा चुकून इथे आला का?” मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होतो, तेवढ्यात आईच बाहेर येऊन म्हणाली, “चुकूनच. शंकराच्या देवळात न्यायला निघाले होते, वाटेत इथेच गाडीचं चाक मोडलं. मग तो काही केल्या उठेना.” तशी आख्यायिका आहे खरी. मी डिकीकडे बघितलं. एवढा अवजड माल, ऐन रस्त्यात चाक मोडलेलं, आणि ओढायला कुणी नाही. ओढदोर आणला होता याचं मला फार बरं वाटलं. शॅकल घरी ठेवल्याचं वाईट वाटलं.

सुप्याच्या अलीकडे डांबर सोडून एका गाडीवाटेला लागलो, आणि माझा क्षण आला. जाणकारांनी बजावलं होतं की मातीवर टायरमधली हवा कमी करायची. टायर जरा बसतं, जमिनीवर पसरतं, पकड वाढते, आणि मुख्य म्हणजे मागच्या सीटवर धक्के कमी बसतात. म्हणजे ३३ ची २५. मी उकिडवा बसून पहिल्या चाकाची टोपी काढली. फुस्स आवाज सुरू झाला. मुलं काचेला नाक लावून बघत होती. मागून एक स्प्लेंडर आली. दोन बाजूंना दुधाचे कॅन, टाकीवर एक पोरगं, मागे एक आजी. थांबली.

“पंक्चर का हो पाव्हणं?”

“नाही, हवा सोडतोय.”

“कुणाच्या गाडीची?”

“माझीच.”

त्याने गाडी बंद केली. हे प्रकरण चालू इंजिनावर ऐकण्यासारखं नव्हतं.

“मंग भरायला पंप हाय का?”

“आहे ना.” मी अभिमानाने दाखवला.

“पंप हाय,” तो मागच्या आजीला म्हणाला. आजीने मान हलवली. “मंग सोडताय कशापायी?”

मी त्याला पकड, पृष्ठभाग वगैरे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, किक मारली, आणि तीच वाट, तेवढीच माती, दोन कॅन, एक आजी आणि एक पोरगं घेऊन, माझं दुसरं चाक पंचवीसवर येण्याच्या आत पार दिसेनासा झाला. पाठोपाठ एक जुनी ओम्नी गेली. आत सगळे नटलेले, बहुधा साखरपुडा. मांडीवरचं ताट तिरपं होऊ न देता त्यांनी वाटेतला खड्डा असा पार केला की मी चारही चाकांची हवा तपासण्याचं निमित्त करून तोंड लपवलं.

अभयारण्याच्या दारात वनरक्षकाने नोंद केली, गाडीकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं आणि एकच गोष्ट सांगितली: “साहेब, चाकोरी सोडायची न्हाई.” अकरा महिने वाट बघून चाकोरीबाहेर पडायला निघालेल्या माणसाला हे ऐकायला मिळावं! पण त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. लांबून उजाड, पडीक वाटणाऱ्या या गवतात टिटवी, धाविक हे पक्षी घरटं म्हणून फार काही करत नाहीत; उघड्या जमिनीवर खड्याच्या रंगाची अंडी घालतात आणि देवावर हवाला ठेवतात. चाक वाटेवरून हातभर सरकलं तरी कुणाचं तरी घर जायचं. आणि एकाने नवी चाकोरी पाडली की मागचे दहा जण तिलाच रस्ता समजतात. म्हणून मी आयुष्यातलं पहिलं ऑफरोडिंग दोन चरांत चाकं ठेवून, ताशी बारा किलोमीटरने, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरसारखं केलं. छोटा दांडा मात्र विधिपूर्वक फोर एचवर टाकला. त्यासाठी चार रबरं काढावी लागली. गाडीत काहीही फरक पडला नाही. थोरलीने विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “झालं.”

पहिल्या वीस मिनिटांत चिंकारा दिसला. अगदी वाटेच्या कडेला. खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच, वाळल्या गवताच्याच रंगाचा, शेपटी सारखी टिकटिक हलवत उभा. आईने श्वास रोखला, बायकोने कॅमेरा शोधला, थोरली सीटवर गुडघे टेकून उभी राहिली. धाकटा झोपला होता. तोंड उघडं, हातात डायनासोर. चिंकाऱ्याने चार उड्या मारल्या, थांबला, वळून बघितलं. पळून गेल्यावर एकदा वळून बघायची त्याची खोड आहे. शिकाऱ्यांच्या काळात ती फार महागात पडली असणार. मग गवतात विरघळला.

“उठवायचं का त्याला?” मी कुजबुजलो.

“हात लावून बघ,” बायको म्हणाली.

तो दहा मिनिटांनी आपला आपण उठला आणि थोरलीने त्याला पहिली बातमी ती दिली. पुढचा पाऊण तास आम्ही ‘माझं हरीण’ शोधत होतो. एक खोकड दिसलं, लांब शेपटीचं, लख्ख. नको. सापगरुड घिरट्या घालत होता. नको. शेवटी चिंकाऱ्याच्या दोन माद्या दिसल्या. त्यांनाही बारीक शिंगं असतात, मी उत्साहाने सांगितलं. त्याने नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, “हे ताईचंच आहे. ते इकडे आलं.”

याच सुमारास थोरलीला शू लागली. माळरान हे निसर्गाचं असं रूप आहे की तिथे आडोसा नावाची गोष्ट नाही. जे झुडूप आहे ते गुडघ्याएवढं आणि काटेरी. आणि आत खाली उतरायचं नाही. बाहेर येऊन, गायरानात, एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला आजीने धरलेली चादर, तिसऱ्या बाजूला छत्री असा तंबू उभा केला. आतून आवाज आला, “चौथ्या बाजूने मेंढी बघतेय.”

खरंच बघत होती. तिच्यामागे आणखी दोन-अडीचशे होत्या. धनगरांचा कळप. दिवाळीनंतर हे लोक माळ सोडून कोकणाच्या वाटेला लागतात, तिथल्या खाचरांतून मेंढरं बसवतात, आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. कळपामागे तीन घोड्या चालत होत्या. पहिलीवर तंबूचं कापड आणि पातेली, दुसरीवर घोंगड्या, वर खुराडं, आणि तिसरीवर बोचक्यांच्या मधोमध खोचून बसवलेलं धाकट्याच्याच वयाचं एक पोर, हातात भाकरीचा तुकडा घेऊन आमच्याकडे बघत. आमच्या पोराला पाच पट्ट्यांनी सीटला आवळलेलं असतं, तरी तो सुटतो. ते तिथे नुसतं बसलं होतं.

“कुठं निघालाय आज्जी?” बरोबरच्या बाईंनी आईला विचारलं.

“इथेच. फिरायला.”

“मुक्काम?”

“छे! सातच्या आत घरात.”

बाईंनी आमच्या उघड्या डिकीकडे बघितलं. कॅन, पिशव्या, चादरी, चौथा जोड, नारळ. मग आपल्या तीन घोड्यांकडे बघितलं. त्यांच्याकडे सात महिन्यांचं सामान होतं. काही बोलल्या नाहीत, ही त्यांची सभ्यता.

“आमचा वाडा फुडं गेलाय,” त्या म्हणाल्या. वाडा म्हणजे त्यांचा तळ.

“आमचाही गेला हो,” आई म्हणाली. आई लग्न होऊन सदाशिव पेठेत आली होती. “बिल्डरला.”

दोघींनी एकमेकींना मनापासून सहानुभूती दाखवली. मी मध्ये पडलो नाही.

तेवढ्यात धाकटा रडायला लागला. गवतातून पळून आला होता आणि मोज्यांत कुसळं शिरली होती. कुसळी गवत या दिवसांत पिकतं. प्रत्येक बीला पुढे सुईसारखं टोक, त्याला मागे वळलेले बारीक केस, म्हणजे आत जातं पण बाहेर येत नाही, आणि पाठीमागे पीळ दिलेली लांब शेपटी. एका मोज्यात मी एकतीस मोजली. बायकोने भुवयांचा चिमटा काढला. माझ्या हत्यारांच्या पेटीतलं काहीही कामाला आलं नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही, फक्त पेटीकडे एकदा बघितलं.

त्या बाई पुढे आल्या. त्यांनी धाकट्याच्या मोज्यातलं एक कुसळ उपटलं, बोटाला थुंकी लावली, शेपटीला चोळली आणि कुसळ त्याच्या तळहातावर ठेवलं. “बघ आता.”

कुसळ क्षणभर पडून राहिलं. मग शेपटीचा वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा सरकायला लागला. सावकाश, पण दिसेल इतका. एक फेरा, अर्धा फेरा, मग थोडं थांबून पुन्हा. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं करत करत ते बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं पिळून घेतं. मोज्यातही तेच करत होतं. धाकट्याचं रडणं बंद. “परत,” तो म्हणाला.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिथेच होतो. कळप निघून गेला, घोड्यांवरचं खुराडं आणि पोर दिसेनासं झालं, आणि आमची दोन्ही मुलं बॉनेटवर ओळीने कुसळं मांडून त्यांच्यावर थुंकत होती. शर्यत लावली होती. थोरलीने तक्ता केला. (माझ्यावर गेली आहे.) पोळीचे रोल तिथेच संपले. कॅनमधलं पाणी कुसळांवर ओतताना ते आजीच्या मांडीवर आणि तिथून सीटवर गेलं. त्या दिवसाचं एकुलतं एक वॉटर क्रॉसिंग गाडीच्या आतच झालं. फोर बाय फोर फोर एचमध्येच उभी होती, इंजिन बंद. टेबल म्हणून ती उत्तम आहे. उंची बरोबर येते.

परतताना डांबराच्या कडेला चारही चाकांत पुन्हा हवा भरली. त्या पंपाला एका चाकाला सहा-सात मिनिटं लागतात आणि तो असा ओरडतो की बोलणं अशक्य. सबंध दिवसातली ती पंचवीस मिनिटं बायकोला सर्वांत जास्त आवडली. शेवटच्या चाकाला स्प्लेंडरवाला परत आला, रिकामे कॅन खडखडवत. थांबला नाही. नुसता हात वर केला आणि आजीला मागे वळून काहीतरी सांगितलं. आजी हसत होती.

सातच्या आत घरात नाही, ८.२० ला. वॉचमननी धुळीने माखलेली गाडी बघून विचारलं, “सकाळी धुवायला सांगू का साहेब?” मी घाईघाईने नको म्हणालो. ती धूळ निदान आठवडाभर पार्किंगमध्ये सगळ्यांना दिसावी एवढीच माझी माफक इच्छा होती. सकाळी खाली आलो तर गाडी आरशासारखी. धुणाऱ्या पोराने आपण होऊन, दिवाळीच्या बोनसला जागून, आतूनही पुसली होती. दांड्याला रबरं परत अडकवून ठेवली होती.

त्याच दिवशी अकराला तिमाहीची मीटिंग होती. साहेब पडद्यावर आकडे दाखवत होते आणि माझ्या उजव्या घोट्याला काहीतरी टोचत होतं. टेबलाखाली हात घालून, बरीच ओढाताण करून, ते बाहेर काढलं. शेपटी शाबूत होती. इकडेतिकडे बघून मी बाटलीच्या झाकणातलं थेंबभर पाणी त्यावर सोडलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर ठेवलं. शेजारी बसलेला जाणकार, टपावर फावडंवाला, वाकून बघायला लागला.

“काय रे हे?”

“थांब जरा.”

कुसळ हललं. काटा सरकू लागला. पश्चिम विभागाची विक्री चार टक्क्यांनी घसरली होती. अर्धा फेरा झाला आणि थांबलं. पडद्यावर पुढचा तक्ता आला. त्याने माझी बाटली हळूच माझ्याकडे सरकवली.

“अजून थोडं टाक,” तो म्हणाला.